टीव्ही, घर आणि गाव: शाळेतल्या बाईंना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बावीस वर्षं शिकवतेय. पालकसभेत, हळदीकुंकवाला, बेदाण्याच्या शेडवर, एसटीच्या थांब्यावर, कुठंही भेटलं की आयाबाया टीव्हीचा विषय काढतात. आमच्याच जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून तर जास्तच. दर वेळी घाईघाईत अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं. प्रश्न पालकांच्याच शब्दांत ठेवलेत.

टीव्हीनं माणूस बिघडतो का? एका शब्दात सांगा, बाई.

एका शब्दात येत नाही. एखादी मालिका बघून कुणी बिघडत नाही आणि सुधारतही नाही. टीव्हीचा परिणाम ठिबकच्या पाण्यासारखा असतो. रोज थेंब थेंब, वरून जमीन कोरडीच दिसते, पण मुळाशी काय मुरलंय ते हंगामाच्या शेवटी घडावर दिसतं. म्हणून मी पालकांना दोन गोष्टी विचारते. पडद्यावर काय चाललं होतं? आणि टीव्ही लागला म्हणून घरात काय थांबलं? पहिलं सगळेच विचारतात. दुसरं सहसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त नुकसान तिथंच होतं.

घरात काय थांबतं म्हणता? आम्ही तर सगळी एकत्र बसूनच बघतो.

एकत्र बसता हे फार चांगलं. त्याबद्दल पुढं सांगतेच. पण आधी एक गोष्ट ऐका. कॅनडात एक लहान गाव होतं. दरीत असल्यामुळं तिथं १९७३ पर्यंत टीव्ही दिसतच नव्हता. संशोधकांनी त्या गावाला ‘नोटेल’ असं टोपणनाव दिलं, आणि टीव्ही यायच्या आधी एकदा आणि आल्यावर दोन वर्षांनी पुन्हा एकदा तिथं पाहणी केली. शेजारी आधीपासून टीव्ही असलेली गावं होती, त्यांच्याशी ताडून बघितलं. टीव्ही नव्हता तेव्हा नोटेलची लहान मुलं वाचनात आणि कल्पकतेच्या चाचण्यांत पुढं होती. दोन वर्षांत तो फरक राहिला नाही. खेळताना मारामारी आणि शिवीगाळ वाढली. गावातल्या कार्यक्रमांना लोक कमी यायला लागले, त्यातही म्हातारी माणसं जास्त करून घरीच बसायला लागली.

इंडोनेशियातल्या जावा बेटावरही असंच दिसलं. तिथं डोंगर आडवा आला की टीव्हीचे सिग्नल अडतात, त्यामुळं काही गावांत जास्त वाहिन्या दिसतात, काहींत कमी. बेंजामिन ओल्केन नावाच्या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दाखवून दिलं की जिथं जास्त वाहिन्या दिसतात तिथं लोक गावातल्या गटांत, बैठकांत कमी जातात.

आता आपलं बघा. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ इथंच रंगवलं. त्या परंपरेचा एक बारीक धागा आमच्या वस्तीपर्यंत आला होता. नवरात्रात हौशी नाटक बसायचं. तालमी रात्री आठला, शाळेच्या पडवीत, गॅसबत्तीच्या उजेडात. माझे सासरे त्यात पहारेकरी व्हायचे, दोनच वाक्यं असायची, तीही महिनाभर घोकायचे. ते नाटक कुणी बंद पाडलं नाही. ठराव झाला नाही, भांडण झालं नाही. आठ वाजता तालमीला आठ माणसं यायची, मग पाच, मग तीन. बाकीची घरी टीव्हीसमोर. एका वर्षी नाटक बसलं नाही, आणि पुढच्या वर्षी ते बसवायचं असतं हेच विसरलं गेलं.

पण टीव्हीनं सुरुवातीला माणसं जमवलीही होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझं माहेर साताऱ्याकडं, कोरेगाव तालुक्यात. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आमच्या आख्ख्या आळीत एकच टीव्ही होता. रविवारी सकाळी पन्नासेक माणसं त्या सोप्यात मावायची नाहीत म्हणून खिडक्यांचे गज धरून पोरं लोंबकळायची. मोठा भाऊ कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून सगळे ओरडायचे, ‘आली, आली, थांब तिथंच!’ आजी टीव्हीला हळदकुंकू वाहायची. पुढं घरटी टीव्ही आला, मग काही घरांत खोलीखोलीत आला, आणि जी माणसं टीव्हीमुळं जमायची ती टीव्हीमुळंच पांगली. म्हणून तुम्ही एकत्र बसून बघता हे मला खरंच महत्त्वाचं वाटतं. फक्त बघताना आपसात बोला. जाहिरात लागली की आवाज बंद करून पोरांना विचारा, ‘तिनं असं का केलं असेल रे?’

आमचं पोरगं टीव्ही लावल्याशिवाय घासच घेत नाही. काय करू?

हा प्रश्न अंगणवाडीच्या आया विचारतात, आणि विचारताना त्यांना अपराधी वाटत असतं. वाटून घेऊ नका. सकाळी सहाला उठून बागेत डिपिंगला, म्हणजे द्राक्षाचे घड औषधात बुडवायला, किंवा शेडवर जाणाऱ्या बाईला पोराचं जेवण पंधरा मिनिटांत उरकायचं असतं, आणि टीव्ही ते उरकून देतो.

त्याची किंमत मात्र कळायला हवी. टीव्हीकडं बघत जेवणाऱ्या मुलाला पोट भरल्याचं कळत नाही. तोंड उघडतं, घास जातो, चव ध्यानात राहत नाही. काही मुलं गरजेपेक्षा जास्त खातात, काही घास गालात धरून बसतात. दुसरी किंमत बोलण्याची. अमेरिकेत २००९ मध्ये दोन महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अंगावर बारीक रेकॉर्डर लावून मोजलं गेलं. घरात टीव्ही ऐकू येत असेल तर दर तासाला मुलाच्या कानावर मोठ्यांचे जवळजवळ ७७० शब्द कमी पडतात, असं निघालं. मूल टीव्ही बघत नसलं, तो नुसता चालू असला, तरी आपण बोलायचे थांबतो. पोर बोलायला शिकतं ते त्याच्याकडं बघून बोलणाऱ्या माणसाकडून. टीव्ही त्याच्या बोलण्याला होकार देत नाही, ‘काय म्हणालास?’ विचारत नाही.

एकदम बंद करू नका, आकांत होईल आणि तिसऱ्या दिवशी तुम्हीच लावाल. आमच्या एका पालकानं केलं ते सांगते. पहिल्या आठवड्यात टीव्ही चालू, पण आवाज बंद, आणि आजीनं शेजारी बसून चित्रावरून गोष्ट सांगायची. दुसऱ्या आठवड्यात पोराला टीव्हीकडं पाठ करून बसवलं, समोर त्याची स्वतःची लहान ताटली, त्यात भाकरीचा काला आणि शेंगदाणे. सांडलं तर सांडू दिलं. तिसऱ्या आठवड्यात जेवायची जागाच बदलली, सोप्यातून स्वयंपाकघरात. दोन दिवस पोर अर्धपोटी उठलं. आईचा जीव कासावीस झाला, पण तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतः भाकरी मागितली. भुकेलं पोर जेवतंच.

किती वर्षांच्या मुलाला किती वेळ टीव्ही चालेल?

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं सांगणं असं: दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस शेजारी असताना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दिलेला सल्लाही साधारण तोच आहे. मोठ्या मुलांसाठी मी घड्याळापेक्षा चार गोष्टी बघते: झोप पुरी झाली का, मैदानावर खेळला का, गृहपाठ झाला का, घरच्यांशी बोलला का. ही चार झाली असतील तर उरलेल्या वेळात तासभर टीव्ही बघितला म्हणून मी कुणाला रागवत नाही.

टीव्हीनं मुलं अभ्यासात मागं पडतात ना?

सरसकट तसं दिसत नाही. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकांत वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या वर्षी टीव्ही पोचला. त्याचा फायदा घेऊन दोन अर्थशास्त्रज्ञांनी पुढं हिशेब मांडला, की शाळेत जायच्या आधी टीव्ही बघितलेली मुलं वरच्या वर्गांत गेल्यावर परीक्षेत मागं पडली का? नाही पडली. उलट ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नव्हतं त्यांना थोडा फायदाच झालेला दिसला. म्हणजे ज्या घरात टीव्हीच्या जागी दुसरं फारसं काही मिळालं नसतं, तिथं टीव्हीनं काही दिलं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं आमच्या शाळेत चार महिने असतात. त्यांच्यातल्या एका मुलीला ग्रहांची नावं पाठ होती, सगळी टीव्हीवरून. तिच्या बाबतीत मी टीव्हीला नावं ठेवणार नाही.

मागं पडतात ती झोपेमुळं. रात्री अकरापर्यंत मोठ्यांबरोबर बघत बसलेलं मूल सकाळी प्रार्थनेला उभं असतं, पण डोळे मिटलेले असतात. पहिले दोन तास त्याला काही शिकवता येत नाही.

मारामारी बघून पोरं मारकी होतात का?

बघितलेलं करून बघतात, हे नक्की. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी एक प्रयोग केला. एका मोठ्या माणसानं फुगवलेल्या बाहुल्याला बडवलं, हातोडीनं मारलं. ते बघितलेल्या मुलांना त्या बाहुल्याजवळ सोडलं तर त्यांनी तसंच, त्याच शब्दांसकट मारलं. पुढच्या प्रयोगात प्रत्यक्ष माणसाऐवजी तेच चित्रफितीवर दाखवलं, तरी परिणाम तसाच. यावर आक्षेपही आहेत, आणि मला ते रास्त वाटतात. बाहुला मारण्यासाठीच केलेला होता, आणि बाहुल्याला मारणं म्हणजे माणसाला मारणं नव्हे.

माझ्या वर्गातला अनुभव असा, की टीव्हीवरची मारामारी मुलं मधल्या सुट्टीत खेळ म्हणून करतात आणि घंटा झाली की विसरतात. जी मुलं खरंच दुसऱ्याला लागेल असं मारतात, त्यांच्या घरी गेलं की बहुतेकदा कारण टीव्हीत नसतं, घरातच असतं. तरीही लहान मुलांसमोर रात्रीच्या गुन्हेगारीच्या मालिका लावू नका. मारायला शिकतात म्हणून नव्हे, घाबरतात म्हणून. अंथरूण ओलं करणाऱ्या एका मुलाच्या आईला मी रात्री दहानंतर काय चालू असतं ते विचारलं, आणि आमच्या दोघींच्या ध्यानात एकदमच आलं.

सासू-सुनांच्या मालिकांनी घरं फुटतात असं म्हणतात. खरं आहे का?

यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण या मालिकांना पुरुषमंडळी सरसकट नावं ठेवतात.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात आपल्या देशातल्या पाच राज्यांतल्या गावांत केबल आल्यावर काय झालं ते तपासलं. आपलं राज्य त्यात नव्हतं. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली होती. केबल आलेल्या गावांत नवऱ्यानं बायकोला मारणं चालतं असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या. मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला. घरच्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला, मुली शाळेत जास्त जाऊ लागल्या, बाळंतपणं कमी झाली. मालिकांत दिसणाऱ्या बायका शहरातल्या होत्या, एकट्या बाहेर पडायच्या, नोकरी करायच्या, त्यांना एकदोनच मुलं असायची. आपल्याच जिल्ह्यात म्हैसाळला २०१७ मध्ये स्त्रीभ्रूणहत्येचं जे प्रकरण उघडकीला आलं ते आठवा, म्हणजे मुलगाच हवा हा हट्ट थोडा जरी सैल झाला तरी ते केवढं मोठं आहे ते कळेल.

पण दाखवणाऱ्याच्या मनात एक असतं आणि बघणारा दुसरंच उचलतो, हेही होतं. १९८४-८५ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ लागायची. लहान कुटुंब आणि बाईचा मान या गोष्टी लोकांपर्यंत पोचाव्यात म्हणूनच ती काढली होती. भागाच्या शेवटी अशोक कुमार येऊन चार शब्द बोलायचे. लोकांनी सुमारे चार लाख पत्रं पाठवली. त्यात सगळं मुकाट्यानं सोसणारी आई होती, भागवंती. असं सोसू नये हे तिच्याकडं बघून कळावं अशी अपेक्षा होती. संशोधकांनी विचारल्यावर बऱ्याच बायकांनी सांगितलं, भागवंतीच खरी आदर्श बाई.

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मालिका बघत बेदाणा निवडायच्या. पुढ्यात सूप, एका बाजूला पाटी. डोळे टीव्हीवर, आणि बोटं आपोआप काडी, काळा दाणा, फुटका दाणा बाजूला काढायची. एकदा मालिकेत नवऱ्यानं सुनेच्या थोबाडीत मारली आणि सुनेनं पिशवी भरून घर सोडलं. आत्यांची बोटं थांबली. जाहिरात लागली तरी थांबलेलीच. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘आमच्या येळंला असं कुणी जायचं नाही. जायचं असतं हेच ठावं नव्हतं.’ सोळा वर्षांच्या संसारात त्या माझ्याशी स्वतःबद्दल एवढं कधी बोलल्या नव्हत्या. त्या रात्री टीव्ही बंद करून आम्ही दोघी सुपाशेजारी बराच वेळ बोलत बसलो.

बाकी कटकारस्थानं, विष कालवणं, जिन्यावरून ढकलणं, हे रोज बघून मनावर काहीतरी बसत असणारच. सुनेनं चहा उशिरा दिला तर ‘मुद्दाम केलं’ असं वाटायला लागलं, तर समजा की मालिका घरात उतरली. पण ज्या घरात सासू-सून एकमेकींशी बोलतात ते घर मालिकेनं फुटलेलं मी बघितलं नाही.

टीव्हीमुळं आपली भाषा बिघडली का?

शहरी वळण आलंय, हे खरं. पण एक उलटंही घडलं. २०१७ ते २०१९ या काळात ‘लागिरं झालं जी’ ही फौजीची गोष्ट सांगणारी मालिका साताऱ्याकडच्या बोलीत चालायची. साताऱ्यात अपशिंगे मिलिटरीसारखी घराघरातनं फौजेत जाणारी गावं आहेत, त्यामुळं ती तिथल्या लोकांना आपली वाटली. आमच्या स्नेहसंमेलनात तोवर मुलं नाटुकल्यात पुस्तकी बोलायची. त्या वर्षी ‘काय करायलाईस?’ असं मोकळेपणानं, मान वर करून बोलली. आपली बोली टीव्हीवर ऐकू आली की तिची लाज वाटत नाही.

बातम्या बघितल्या की छाती धडधडते. बघायच्या का बंद करायच्या?

जॉर्ज गर्बनर नावाचे अभ्यासक अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून टीव्हीवरच्या हिंसेचा हिशेब ठेवत होते. त्यांना असं आढळलं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. आपल्यावर हल्ला होईल, कुणावर विश्वास टाकायची सोय नाही, असं वाटत राहतं. तुमची छाती धडधडते त्याचं कारण हे असू शकतं. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर मात्र टीव्हीवर ढकलू नका, डॉक्टरला दाखवा.

ऑगस्ट २०१९ च्या महापुराचं सांगते. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमचं गाव कृष्णेपासून लांब, उंचावर. आमच्याकडं नुसता पाऊस होता. ठाण्याची नणंद मात्र रात्रीत पाच वेळा फोन करून रडली, ‘दादाला द्या, तुम्ही छपरावर आहात का?’ वाहिन्यांवर तीच तीन-चार दृश्यं दिवसभर फिरत होती: पुलाला टेकलेलं पाणी, बोट, छपरावरची माणसं. सकाळची आहेत का कालची, कोणत्या भागातली, याचा पत्ता नाही. ज्यांच्या घरात खरंच पाणी होतं त्यांचे टीव्ही बंद, कारण वीज नव्हती. कोयनेतून किती पाणी सोडलंय हे ज्यांना कळायला हवं होतं, त्यांच्यापर्यंत ते टीव्हीवरून पोचतच नव्हतं.

शाळा उघडली तेव्हा पहिलीतल्या एका मुलानं मला विचारलं, ‘बाई, सांगलीत किती वेळा पूर आला? टीव्हीत सारखा सारखा येतोय.’ त्याला प्रत्येक वेळी नवा पूर वाटत होता. लहान मुलांना एकच दृश्य पुन्हा दाखवलंय हे उमगत नाही. तेव्हापासून मी पालकांना हात जोडून सांगते, संकटाच्या दिवसांत मुलं जागी असताना बातम्यांची वाहिनी नका लावू.

हेही तितकंच खरं, की ती दृश्यं बघूनच महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून धान्याचे, चादरींचे, औषधांचे टेम्पो आले. टीव्ही नसता तर एवढी मदत इतक्या लवकर आली नसती. म्हणून बातम्या बंद करा असं मी म्हणत नाही. दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या वेळी, एकेक बातमीपत्र पुरं बघा, आणि सकाळी पेपर वाचा. चर्चेत चार माणसं एकदम ओरडायला लागली की उठा.

टीआरपी म्हणजे काय, आणि त्याचा आम्हाला काय त्रास?

देशात साधारण २३ कोटी घरांत टीव्ही आहे. कोण काय बघतं हे मोजणारी यंत्रं त्यातल्या साधारण ५८ हजार घरांत बसवलेली असतात. म्हणजे एक घर जवळजवळ चार हजार घरांच्या वतीनं बोलतं. त्यावरून जो आकडा निघतो तो टीआरपी, आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत असा नियम आहे, आणि ती बारा मिनिटं महाग विकली जावीत म्हणून उरलेल्या अठ्ठेचाळीस मिनिटांत तुम्हाला उठू द्यायचं नसतं. भागाच्या शेवटी कुणीतरी दार ढकलून आत येतं आणि चेहरा दिसायच्या आत भाग संपतो, तो त्यासाठीच. २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीच्या फेरफाराचं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणं थांबवलं होतं. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. हे मुलांना समजावून सांगा. पाचवीच्या पुढच्या मुलांना ते पटकन कळतं, आणि मग ती स्वतःच ओळखायला लागतात.

मुलगी जाहिराती बघून सारखी आरशासमोर असते. आठवीत आहे.

तिला ओरडू नका. फिजी बेटांवर १९९५ मध्ये टीव्ही आला. तिथं अंगानं भरलेली बाई सुंदर समजली जायची. अॅन बेकर नावाच्या संशोधक बाईंनी शाळकरी मुलींची टीव्ही आला तेव्हा आणि तीन वर्षांनी पुन्हा पाहणी केली. खाण्याबद्दल बिघडलेली समजूत असलेल्या मुली सुमारे १३ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, नंतर ११ टक्के झाल्या. केवळ तीन वर्षांत. आपल्याकडं बारीक होण्याबरोबर गोरं होण्याचीही भर आहे. उन्हातान्हात द्राक्षाच्या बागेत राबणाऱ्या आईच्या मुलीला आईच्याच रंगाची लाज वाटावी, याचा मला फार त्रास होतो. तिच्याजवळ बसा. जाहिरातीतला चेहरा दिवे, रंग आणि संगणक वापरून केलेला असतो हे सांगा. आणि घरात कुणी तिला ‘काळी’, ‘जाडी’ म्हणत असेल तर ते आजच बंद करा. ती जेवण टाळत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

जवळून टीव्ही बघितल्यानं डोळे जातात का?

जात नाहीत. काही मुलं जवळ बसतात कारण त्यांना आधीच लांबचं दिसत नसतं. तेव्हा आधी डोळे तपासा. मुलांना लवकर चष्मा लागतो तो जास्त करून जवळचं काम आणि बाहेरच्या उजेडात न खेळणं यामुळं. रोज ऊन-उजेडात खेळू द्या.

आता सगळं मोबाईलवर आहे. टीव्हीचं काय घेऊन बसलात?

मोबाईलचे प्रश्न मोठे आहेत, पण आमच्याकडं संध्याकाळी घर ज्याच्याभोवती बसतं तो अजून टीव्हीच आहे. शिवाय मोबाईल आल्यावर टीव्हीचा एक गुण नव्यानं दिसला. टीव्ही काय लागलाय ते सगळ्या घराला दिसतं. मोबाईलमध्ये पोरगा काय बघतोय ते शेजारी बसलेल्या आईलाही कळत नाही.

सासू-सासरे गावी एकटे आहेत. त्यांचा दिवसभर टीव्ही चालू असतो. तो कमी करायला सांगू का?

नको. आधी फोन वाढवा. आमच्या भागातली, खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरं गलाई व्यवसायासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामासाठी, देशभर पांगलेली आहेत. मुलगा तमिळनाडूत, नातवंडं तिथल्या शाळेत, आणि इथं दोघं म्हातारी. त्यांच्या घरात टीव्ही म्हणजे माणसाचा आवाज. एक आजी मला म्हणाल्या, बघत काही नाही, घर मुकं वाटू नये म्हणून लावते. त्यांना टीव्ही बंद करा म्हणणं बरोबर नाही. सकाळ-संध्याकाळ थोडं चालणं आणि रात्री लवकर झोप, एवढं बघा. आणि फोनवर विचारा, ‘आज मालिकेत काय झालं?’ बोलायला विषय मिळतो, त्या आनंदानं सांगतात.

काही वाईट दाखवलं तर तक्रार कुठं करायची?

आधी त्या वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी. २०२१ च्या नियमांप्रमाणं त्यांनी २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडं, आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या समितीकडं जाता येतं. फसव्या जाहिरातीबद्दल अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडं लिहा. गावातल्या केबलवाल्यानं स्वतःच्या वाहिनीवर भलतंच लावलं तर प्रांत कार्यालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. अर्जात वाहिनी, तारीख, वेळ आणि नेमकं काय दाखवलं ते लिहा. नुसतं ‘संस्कृतीला धक्का’ लिहून काही होत नाही.

मोहित्यांचे वडगावनं नेमकं काय केलं? आपल्याकडं जमेल का?

कडेगाव तालुक्यातलं हे साधारण तीन हजार वस्तीचं गाव. कोरोनात शाळा मोबाईलवर गेली, ती संपली तरी मुलं मोबाईलमधून आणि आया टीव्हीमधून बाहेर येईनात. गावानं बायकांना बरोबर घेऊन ठरवलं आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून सुरुवात केली. संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजतो, टीव्ही-मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजतो, मग ज्याला लावायचा त्यानं लावावा. मधल्या वेळात मुलं अभ्यास करतात, मोठी माणसं बोलतात, वाचतात. सुरुवातीला घरोघर फिरून सांगावं लागलं.

आमच्या वस्तीवर आम्ही अकरा घरांनी सुरू केलं. भोंगा नाही, शाळेची घंटा वाजवतो. पहिला आठवडा वाईट गेला. घराघरातली माणसं एकमेकांकडं बघत बसली, बोलायचं काय हेच सुचेना. एक घर तिसऱ्या दिवशी फुटलं, खिडकीतून निळा उजेड दिसायला लागला. आम्ही त्यांना काही म्हणालो नाही. मुलंच त्या घरासमोर आट्यापाट्या खेळायला लागली आणि त्यांचा पोरगा आपसूक बाहेर आला. आता दीड वर्ष झालं. पावसाळ्यात खंड पडतो, बेदाण्याच्या हंगामात तर बायका शेडवरून येतातच साडेआठला, तेव्हा वेळ पुढं ढकलतो. सक्ती नको आणि दंड तर नकोच. आईबाप स्वतः बंद करणार नसतील तर मुलांसाठी नियम करू नका, ती एका दिवसात ओळखतात.

आणि त्या वेळात भारताची मॅच असली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम मॅच होती, रात्री आठला सुरू. आम्ही अकरा घरांनी ठरवलं की त्या दिवशी वस्तीवर एकच टीव्ही लागेल, देवळाच्या सभामंडपात. बाकी घरांत बंद. कुणी सतरंज्या आणल्या, कुणी शेंगा भाजून आणल्या. शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल धरला तेव्हा सभामंडपात इतका गलका झाला की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बॅटऱ्या घेऊन काय झालं बघायला आली. आत्या माझ्या शेजारी खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, ‘जिंकलं का गं आपण?’ मी हो म्हटलं, तर त्यांनी पदराच्या गाठीतले उरलेले बेदाणे काढून समोरच्या पोरांना वाटले.